सगळं जग रत्नागिरीत मावतं, पण बाहेर कसं पडणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरची मी जुनी वाचक, म्हणजे लग्न होऊन डोंबिवलीत आले तेव्हापासूनची, पत्र मात्र पहिल्यांदाच लिहितेय आणि ते जरा लांबणार आहे, तेव्हा कापायचंच झालं तर मधलं कापा, शेवट कापू नका कारण तक्रार शेवटी आहे.

झालं असं की मे महिन्याच्या सुट्टीत मुलीकडची मंडळी राहायला आली होती, दुपारी आंबे खाऊन सगळे पंख्याखाली पसरलेले आणि लाईट गेली. नऊ वर्षांचा नातू, मोबाईल चार्ज नाही म्हणून त्याला प्रश्न सुचायला लागले. म्हणाला आजी, जगातली सगळीच्या सगळी माणसं एका ठिकाणी उभी केली तर केवढी जागा लागेल गं, अख्खा भारत भरेल का? मी म्हटलं भरेल बहुतेक. जावई म्हणाले भारत कसला, आशिया लागेल. शेजारच्या वहिनी भांडं परत करायला आल्या होत्या त्या दारातूनच म्हणाल्या पृथ्वी पुरायची नाही, सकाळी कल्याण स्टेशनला जाऊन बघा म्हणजे कळेल. आम्हा चौघांचीही उत्तरं साफ चुकली. मी एकतीस वर्षं एका ऑफिसात अकाउंट्सला होते, आकडा म्हटला की हात शिवशिवतात, कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून बसले.

जगाची लोकसंख्या साधारण 820 कोटी. युनोने 15 नोव्हेंबर 2022 हा 800 कोटींचा दिवस म्हणून सांगितला होता, त्यानंतर वर्षाला सात कोटींच्या आसपास भर पडतेय, म्हणजे 820 धरायला हरकत नाही. आता प्रत्येकाला एक मीटर बाय एक मीटरचा चौकोन देऊ. म्हणजे ऐसपैस हं, हात कमरेवर ठेवून उभं राहता येईल, पिशवी पायाशी ठेवता येईल. 820 कोटी माणसं म्हणजे 820 कोटी चौरस मीटर. एका चौरस किलोमीटरमधे दहा लाख चौरस मीटर बसतात, भागिले करा, उत्तर आलं 8,200 चौरस किलोमीटर. आणि माझा पेनच थांबला, कारण हा आकडा मला पाठ आहे. शाळेत भूगोलाला घोकलेला. रत्नागिरी जिल्ह्याचं क्षेत्रफळ 8,208 चौरस किलोमीटर! माझं माहेर गुहागर तालुक्यातलं. म्हणजे चिनी, अमेरिकन, नायजेरियातले, ब्राझीलमधले, झाडून सगळे मंडणगडपासून राजापूरपर्यंत उभे केले तरी वर आठ चौरस किलोमीटर उरतात, त्यात चहाच्या टपऱ्या टाकता येतील. डोंगर खाड्या बघायच्या नाहीत, हिशोब सपाट जमिनीचा.

जावयांचा विश्वास बसेना, त्यांनी कॅल्क्युलेटरवर दोनदा करून बघितलं, शून्य मोजताना ते चुकले पण मी नाही चुकले.

मग आम्हाला नादच लागला. असा हिशोब करायची इंग्रजांना जुनी खोड आहे म्हणे, त्यांच्या दक्षिण किनाऱ्याला आयल ऑफ वाइट नावाचं एक बेट आहे, जेमतेम 381 चौरस किलोमीटर, आणि शंभरएक वर्षांपूर्वी तिकडे म्हणायचे की सगळं जग या बेटावर उभं राहील. तेव्हा जगात होते 160 कोटीच्या आसपास, म्हणजे चौरस मीटरला चार जण, बसतात बरोबर. त्यांनी बेटं घेतली तर आपण जिल्हे घेऊ. माणशी एक चौरस मीटर हाच दर कायम ठेवला तर 1961 साली, म्हणजे गोवा मुक्त झाला त्या वर्षी, जग होतं 300 कोटींच्या थोडं वर, ते एकट्या गोव्यात मावत होतं, गोवा 3,702 चौरस किलोमीटर. 1987 ला जग 500 कोटी झालं, तोवर गोवा पुरेनासा झाला पण आमच्याच रत्नागिरीतून 1981 ला वेगळा काढलेला सिंधुदुर्ग तयार होता, 5,207, त्यात झालं असतं. 2011 ला 700 कोटी, तेव्हा रायगड, 7,152. आत्ता रत्नागिरी. आणि युनोचा जो अंदाज आहे की 2080 नंतर कधीतरी 1,030 कोटींवर जाऊन लोकसंख्या वाढायची थांबेल आणि मग हळूहळू उतरेल, तेव्हासाठी घाट चढून साताऱ्यात जावं लागेल, 10,480. बस, सातारा शेवटचा. त्याच्यापुढे पुणे अहिल्यानगरपर्यंत जायची वेळ येणारच नाही बहुतेक. मला हे फार आवडलं, एवढी सगळी चिंता, एवढी भाषणं, आणि सगळ्या माणसांची उभं राहायची गरज म्हणजे कोकणातला एक जिल्हा.

पुण्याचा भाऊ व्हॉट्सअ‍ॅपवर म्हणाला उभं कशाला करतेस त्यांना, आडवे कर, नाहीतर सरळ धरणात भर. तो पाटबंधारेवाला, त्याला टीएमसीशिवाय (म्हणजे अब्ज घनफूट, धरणातलं पाणी त्यात मोजतात) काही दिसत नाही. पण केला मी तोही हिशोब. लहान पोरं धरून माणशी सरासरी 50 किलो पकडू, माणूस पाण्यात जेमतेम तरंगतो म्हणजे 50 किलोचा माणूस 50 लिटरच्या आसपास जागा खाणार. 820 कोटी गुणिले 50 लिटर म्हणजे 41 कोटी घनमीटर, म्हणजे साडेचौदा टीएमसी. कोयनेचं धरण 105 टीएमसीचं. माणूसजातीचा सगळा ऐवज कोयनेच्या सातव्या हिश्श्यात! बाकीचं धरण मोकळं. भाऊ त्यानंतर दोन दिवस ऑनलाइन नव्हता.

आता गंमत पुरे. संध्याकाळी ऊन उतरल्यावर नातू म्हणाला एक चौरस मीटर म्हणजे दाखव तरी केवढं. गच्चीवर खडूने चौकोन आखला, टेलरिंगची टेप लावून, बरोबर शंभर बाय शंभर सेंटीमीटर. त्यात आधी एकटा तो उभा राहिला, हात पसरून गोल फिरला. मग बिल्डिंगमधली पोरं जमली, दोन आत, तीन, चार. चार जण आरामात उभे होते, एकमेकांना न चिकटता. सहा झाल्यावर खांदे लागले, पोरं खिदळायला लागली. आठ झाली तेव्हा हात वर करायची सोय राहिली नाही, मधल्या मुलीची ओढणी कोणाच्या तरी पायाखाली आली. नववा घातला तेव्हा एक छोटी म्हणाली मला बाहेर काढा आणि तिचा आवाज वेगळा होता, खेळातला नव्हता, मी लगेच खेळ थांबवला. ही पोरं आठ ते बारा वयाची होती, मोठी माणसं नव्हेत.

आणि मी तिथेच टाकीच्या कट्ट्यावर बसून दहा मिनिटं काही बोललेच नाही. कारण मला एक आकडा आठवला. रेल्वेच्या कागदपत्रांत एक शब्द आहे, सुपर डेन्स क्रश लोड. आपल्या मुंबई लोकलसाठीच वापरात असलेला शब्द. त्याचा अर्थ डब्यातल्या उभं राहायच्या जागेत दर चौरस मीटरला 14 ते 16 माणसं. माझ्या गच्चीवर नऊ पोरं मावली नाहीत, आणि मी एकतीस वर्षं रोज सकाळ संध्याकाळ त्या चौकोनात चौदावी, पंधरावी, सोळावी म्हणून उभी होते, खांद्याला पर्स, हातात डबा, पोटात बाळ असताना सातव्या महिन्यापर्यंत. आम्हाला कधी वाटलंच नाही की हे काही वेगळं आहे. जागा झाली म्हणायचो. अजून दोघी येतील गं, जरा आत सरका, आम्ही स्वतःच ओरडायचो.

तर मग नातवाच्या प्रश्नाचं दुसरं उत्तर. 820 कोटी भागिले 14, म्हणजे 586 चौरस किलोमीटर. मुंबई शहर आणि उपनगर दोन्ही जिल्हे मिळून 603. म्हणजे लोकलच्या डब्याप्रमाणे उभे केले तर जगातले सगळे एकट्या मुंबईत मावतात आणि तरी थोडी जागा राहते, आरे कॉलनी ठेवा बाजूला. प्रश्न तोच, माणसं तेवढीच, उत्तर 8,200 पण आहे आणि 586 पण आहे. सगळा खेळ भागाकारात खाली काय लिहिता त्याचा. रत्नागिरीच्या हिशोबात माणूस हात कमरेवर ठेवून उभा आहे, मुंबईच्या हिशोबात त्याला नाक खाजवता येत नाहीये. जो कोणी सांगेल की जग अमुक एका शहरात मावतं (अमेरिकेत लॉस एंजेलिसचं उदाहरण देतात) त्याला पहिलं विचारायचं, कसं उभं करून?

हे उदाहरण देणारे लोक दोन प्रकारचे असतात असं माझ्या लक्षात आलंय. एक म्हणतात बघा, किती थोडी जागा लागते, लोकसंख्येची ओरड उगीच आहे. त्यांना माझं एवढंच म्हणणं की उभं राहून कोणी जगत नाही. जगातली एकूण शेती आणि चराऊ जमीन मिळून 480 कोटी हेक्टरच्या आसपास आहे, त्यातली पिकाखालची साधारण एक तृतीयांश. माणशी काढा, 19 गुंठे लागवडीची जमीन आणि त्याच्या दुप्पट चारा कुरणाची. म्हणजे तुमचे पाय एका चौरस मीटरवर आणि तुमचं पोट जवळपास दीड एकरावर. रत्नागिरीत उभ्या केलेल्या त्या जगाला दुपारचं जेवण द्यायचं तर आफ्रिकेच्या दीडपट जमीन मागे राबत असायला हवी. दुसरे लोक म्हणतात जगात जागाच उरली नाही. तेही खरं नाही. आमच्या गावाला चला, दाखवते जागा. 2001 ते 2011 या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या चक्क कमी झाली, 16 लाख 97 हजारांवरून 16 लाख 15 हजारांवर. सिंधुदुर्गाचंही तेच झालं. रत्नागिरीत चौरस किलोमीटरला 197 माणसं आणि मुंबई उपनगरात वीस हजारांच्या वर. आमच्या वाडीत अकरा घरं, त्यातली सात गणपतीला उघडतात, किल्ली शेजारच्या म्हाताऱ्या काकांकडे. ते काका म्हणजे आमच्या वाडीचं बँक लॉकर. जगभरच्या लोकांना उभं करायला जागा असलेल्या जिल्ह्यातली माणसं चौरस मीटरला सोळाच्या हिशोबाने दिवा मुंब्र्याच्या मधे लटकतायत. 9 जून 2025 ला त्याच पट्ट्यात दोन लोकल एकमेकींना ओलांडताना दारातली माणसं पडून गेली, माझ्या रोजच्या वळणावर. मी रिटायर झालेली, पण त्या दिवशी टीव्ही बघताना हात दांडी धरल्यासारखा आवळला होता.

नातवाला वाटलं विषय संपला. मग मीच त्याला प्रश्न घातला. म्हटलं, बरं, उभे केलेस सगळ्यांना रत्नागिरीत, आता घरी कसे पाठवणार? कारण उभं राहायला जी जागा लागते तीच सांगतात सगळे, बाहेर पडायची कोणी सांगत नाही. गर्दीचा अभ्यास करणारे लोक एक ढोबळ आकडा धरतात, सपाट वाट असेल आणि लोक शिस्तीत चालत असतील तर एक मीटर रुंदीतून मिनिटाला 80 माणसं जातात. जिना असेल तर कमी. आता मुंबई गोवा हायवे वीस मीटर रुंद धरा, गाड्या सगळ्या बंद, फक्त चालणारी माणसं, न थांबता, रात्रंदिवस. मिनिटाला 1,600 माणसं. 820 कोटी भागिले 1,600, मिनिटांचे दिवस करा, दिवसांची वर्षं करा, पावणेदहा वर्षं लागतात रत्नागिरी रिकामी व्हायला! नातू म्हणाला बापरे. मी म्हटलं बापरे काय, या हायवेचं चौपदरीकरण 2011 ला सुरू झालंय, त्यापेक्षा लवकर होईल. (ज्यांनी गणपतीला माणगाव इंदापूरला चार चार तास काढलेत त्यांना हा विनोद समजावून सांगायला नको.) आणि त्या पावणेदहा वर्षांत मागे पोरं जन्मत राहणार, ते वेगळंच.

हे बाहेर पडायचं गणित आपल्याकडे माणसं मेल्यावर करतात. एल्फिन्स्टनचा पूल, 29 सप्टेंबर 2017, सकाळची वेळ, पाऊस आला म्हणून जिन्यावर लोक थांबले, मागून गाड्यांतून उतरणारे येत राहिले, 23 जण गेले. मांढरदेवी, 25 जानेवारी 2005, उतारावरची अरुंद वाट, पायऱ्यांवर नारळाचं पाणी सांडून निसरडं झालेलं, तीनशेच्या आसपास. नाशिकचा सिंहस्थ, 27 ऑगस्ट 2003, 39. दक्षिण कोरियात सोल शहरात 29 ऑक्टोबर 2022 च्या रात्री 159 माणसं मेली, बहुतेक विशी तिशीतली, जिथे गेली ती गल्ली चाळीस मीटर लांब आणि जेमतेम सव्वातीन मीटर रुंद. आमच्या चाळीचा पॅसेज आणि अंगण मिळून तेवढं होतं. आग नव्हती, बॉम्ब नव्हता, कोणी पळत नव्हतं. दोन्ही टोकांनी माणसं आत येत राहिली एवढंच.

इथे मला आपल्या मराठीचं कौतुक वाटतं. हिंदीवाले भगदड म्हणतात, म्हणजे पळापळ, ऐकून वाटतं लोक वेड्यासारखे धावले आणि एकमेकांना तुडवलं, म्हणजे चूक लोकांचीच. आपण चेंगराचेंगरी म्हणतो आणि तोच शब्द बरोबर आहे. यात मरणारी बहुतेक माणसं पळतही नसतात, उभ्या उभ्या नाहीतर एकावर एक पडून चेंगरतात, छाती फुलवायला जागा उरत नाही आणि श्वास कोंडून जातात. चौरस मीटरला चार माणसं असतील तर तुम्ही स्वतःच्या पायाने चालता. सहा सातच्या वर गेलं की तुम्ही चालत नाही, गर्दी तुम्हाला नेते, पाय जमिनीला लागतील याचा भरवसा नाही, एका टोकाला धक्का बसला की तो लाटेसारखा दुसऱ्या टोकाला जातो आणि पुढच्याला काय होतंय ते मागच्याला कळतच नाही. लोकलच्या डब्यात सोळा असूनही आम्ही जगलो कारण डबा छोटा, मधे बाकं, पार्टिशन, धरायला दांड्या, दार भरलं की मागून येणारा फलाटावरच राहतो, आणि दर काही मिनिटांनी स्टेशन. मोकळ्या मैदानात यातलं काहीच नसतं. म्हणून कोणी असं म्हणू नका की मुंबईकर लोकलमधे सोळा मावतात तर मैदानात आठ काय हरकत आहे. हे वाक्य मी खरंच ऐकलंय, एका कार्यक्रमाच्या मांडववाल्याकडून.

आता तक्रार, जिच्यासाठी पत्र लिहायला घेतलं.

गेल्या निवडणुकीत आमच्या इथल्या मैदानावर एक सभा झाली, कोणाची ते सोडा, दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा, पन्नास हजारांचा जनसागर उसळला. पेपर कोणता तेही सोडा, सगळेच छापतात. त्या मैदानात मी रोज सकाळी फिरते. ते मी पावलांनी मोजलंय, 140 पावलं लांब आणि 95 पावलं रुंद, माझं पाऊल दोन फुटांचं, म्हणजे 280 बाय 190, सगळे मिळून 53,200 चौरस फूट. पन्नास हजार माणसं बसवायची तर माणशी एक चौरस फूट आला. आमच्या देवघराचा पाट त्याच्यापेक्षा मोठा आहे! आणि त्या मैदानावर स्टेज होतं, खुर्च्या होत्या, पुढे व्हीआयपींचे सोफे होते, मधे पोलिसांनी बांबू बांधलेले. मी खुर्च्यांच्या रांगा मोजल्या नाहीत पण सात आठ हजारांच्या वर माणूस असणं शक्य नाही.

गंमत म्हणजे गर्दी मोजायची जी पद्धत जगभर वापरतात ती एका पत्रकारानेच काढलेली आहे. अमेरिकेत बर्कलेच्या विद्यापीठात हर्बर्ट जेकब्स नावाचे पत्रकारिता शिकवणारे होते, 1960 च्या दशकात तिथे विद्यार्थ्यांची आंदोलनं चालायची, आणि यांच्या खिडकीखाली चौक होता, त्याच्या फरशीवर चौकोन आखलेले. त्यांनी काय केलं, काही चौकोनांतली डोकी मोजली आणि चौकोनांच्या संख्येने गुणलं. संपलं. त्यावरून त्यांनी ठोकताळा दिला, विरळ गर्दीत माणशी दहा चौरस फूट, दाट गर्दीत साडेचार, आणि अगदी घुसमटवणाऱ्या गर्दीत अडीच. माझा खडूचा चौकोन आणि त्यांचा चौकोन एकच.

शिवाजी पार्क घ्या. 28 एकर, म्हणजे सव्वाबारा लाख चौरस फुटांच्या आत. सगळं पार्क, क्लबची पॅव्हेलियनं, कट्टा, स्टेज काही न वगळता धरलं तरी विरळ गर्दी सव्वा लाख, दाट गर्दी पावणेतीन लाखाच्या आत, आणि कोणी श्वास घेऊ नये अशी उभी केलीत तर पाच लाखाला थोडी कमी. त्याच्यावरचा आकडा कोणीही सांगो, कोणत्याही पक्षाचा सांगो, तो मैदानात मावत नाही. याचा अर्थ लाखांचे सगळे आकडे खोटे असाही नाही, हे मी मुद्दाम लिहितेय. 6 डिसेंबरला चैत्यभूमीला येणारी माणसं दोन तीन दिवस येत जात असतात, आषाढीला पंढरपूरचं तसंच, तिथे एका वेळी किती आणि एकूण किती हे दोन वेगळे आकडे आहेत आणि दोन्ही खरे असू शकतात. फक्त तुम्ही कुठला छापताय ते सांगा ना.

हे नुसतं आकड्याच्या हौसेसाठी म्हणत नाहीये. आज आयोजक म्हणाला पन्नास हजार आले आणि काही झालं नाही, सगळ्यांनी छापलं पन्नास हजार, की पुढच्या वेळी पोलीस, महापालिका, मांडववाला सगळे धरून चालतात की या मैदानात पन्नास हजार मावतात. मग पुढच्या वेळी खरंच पंचवीस आले तरी कोणाला भीती वाटत नाही, अर्धंच तर आहे म्हणतात. आणि गेट तेच, तीन मीटरचं, मिनिटाला 240 माणसांचं. पंचवीस हजार माणसं त्यातून बाहेर पडायला पावणेदोन तास लागतात, तेही कोणी चप्पल शोधायला वाकलं नाही तर. 2027 चा नाशिकचा सिंहस्थ आहे. रामकुंड तेवढंच आहे, जुन्या नाशकातल्या गल्ल्या तेवढ्याच आहेत, येणार किती कोटी याचे आकडे मात्र वाढत चाललेत. एवढे कोटी येणार हे अभिमानाने सांगतात, मला ते वाचताना प्रत्येक वेळी खडूचा चौकोन दिसतो आणि त्यातली ती छोटी मुलगी.

तर मागणी एवढीच आहे की गर्दीच्या प्रत्येक बातमीत, सभा असो, मिरवणूक असो, जत्रा असो, दहीहंडी असो, आकड्याच्या शेजारी दोन गोष्टी छापा. जागेचं क्षेत्रफळ आणि बाहेर पडायच्या वाटांची रुंदी. चार शब्द वाढतील. वार्ताहराने पावलांनी मोजलं तरी चालेल, आजकाल मोबाईलच्या नकाशावर बोटाने आखून क्षेत्रफळ येतं, माझा नातू करून देतो. आयोजकांचा दावा छापायचा तर छापा, पण खाली माणशी किती चौरस फूट होतात तेही छापा, वाचक शहाणा आहे, त्याला पाटाएवढ्या जागेत माणूस उभा राहत नाही हे कळतं. आमच्या मैदानाचं माप वर दिलेलंच आहे, पुढच्या सभेच्या बातमीला वापरा, नाव नको माझं.

कळावे,
आपली एक वाचक,
डोंबिवली (पूर्व)

ता.क. पत्र लिहून, खाडाखोड करून, नातवाकडून टाइप करून घेईपर्यंत दोन दिवस गेले. जन्म वजा मृत्यू असं करून जग रोज साधारण एक लाख नव्वद हजारांनी वाढतं, म्हणजे पहिली ओळ लिहिली तेव्हापासून माणशी एक चौरस मीटरने आणखी तीन शिवाजी पार्क लागली. रत्नागिरीतले ते आठ चौरस किलोमीटर मी चहाच्या टपऱ्यांना ठेवले होते ना, ते दीड महिन्यात भरतायत. टपऱ्या कुठे हलवायच्या ते बघावं लागेल.